सकाळचं चिकट पाणी

"ढकल ना."

"ढकलतोय की."

"मग दार हलत का नाही?"

"ते दाराला विचार. मी माझं काम करतोय."

टपालनं पुन्हा एकदा खांदा लावला. पत्र्याचं दार धाडकन वाजलं आणि जागच्या जागीच राहिलं. बाहेरून कडी बसली होती. पंपवाला जिना उतरून चालला होता, त्याच्या चपलांचा फटक फटक आवाज अजून येत होता. तिघांनी मिळून हाका मारल्या. पण पंपवाल्याच्या दोन्ही कानांत इअरफोन होते आणि ते तो बहुतेक फक्त झोपताना काढायचा. थोड्याच वेळात खाली पंप सुरू झाला. घुर्रर्र. आता तर त्यांना एकमेकांचंही नीट ऐकू येईना.

"अडकलो," बटण म्हणाला. बटण तिघांत सगळ्यात लहान, सगळ्यात गोल, आणि मनात आलं की लगेच बोलून टाकणारा.

"अडकलो नाहीये," वकील म्हणाली. "आपल्याला सध्या बाहेर जाता येत नाहीये, एवढंच."

"त्यालाच अडकणं म्हणतात."

वकील ही मावशीची मुलगी. वाद घातल्याशिवाय ती सकाळी दातसुद्धा घासायची नाही, म्हणून तिला सगळे वकील म्हणायचे. टपाल आणि बटण हे सख्खे भाऊ, सुट्टीला मावशीकडे आलेले. टपालला एक गोष्ट सांगितली की संध्याकाळपर्यंत ती घरोघर पोचलेली असायची. त्याचं नाव कसं पडलं ते वेगळं सांगायला नको.

मावशी समुद्राकाठच्या एका गेस्ट हाऊसची लाँड्री सांभाळायची. लाँड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत ती आणि वकील राहायच्या. आणि आत्ता ही तिघं अडकली होती ती खोली लाँड्रीच्या गच्चीवरची. टाकीची खोली. तीन बाजूंना भिंती, समुद्राच्या बाजूला नुसते लोखंडी गज, आणि मधोमध टपालच्या छातीला लागेल एवढी सिमेंटची टाकी. गजांतून ओरडलं तर ऐकणार कोण? समोर वाळू आणि पाणी.

ती तिघं वर आली होती त्याला कारण होतं.

गेले काही दिवस लाँड्रीतलं सकाळचं पाणी विचित्र झालं होतं. चादरी कितीही खळबळल्या तरी बुळबुळीत लागायच्या. वाळल्या की पुठ्ठ्यासारख्या कडक. पाहुण्यांनी तक्रार केली. मग मॅनेजर साहेब लाँड्रीत आले आणि मावशीच्या हाताखालच्या सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही हलका साबण वापरता."

"साबण तोच आहे साहेब. पाणी बिघडलंय," मावशी म्हणाली.

साहेबांनी पाण्याची बाटली भरून घेतली. दुपारच्या बसनं ती शहरात तपासायला गेली. उत्तर आलं, पाणी साधं आहे, स्वच्छ आहे, काहीही दोष नाही.

झालं. आज दुपारी शहरातून कंत्राटदार गाडी घेऊन येणार होता. पुढे सगळं धुणं तिकडच्या मशिनवर. म्हणजे मावशीची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर मागच्या दोन खोल्याही गेल्या. मावशी मुलांना यातलं एक अक्षर बोलली नव्हती. पण भिंत पातळ होती, आणि भिंतीच्या अलीकडे टपाल झोपायचा.

म्हणून चहा झाल्या झाल्या तिघं टाकी बघायला वर आली. टाकीच्या मागे वाकून बघत असतानाच पंपवाला आला, आत डोकावलाही नाही, दार ओढलं, कडी घातली आणि गेला. कुत्रं शिरू नये म्हणून तो रोज कडी घालायचा. आत कोणी आहे का हे बघायचं, हे त्याच्या रोजच्यात नव्हतं.

"मी ओरडतो," बटण म्हणाला. "माझा आवाज मोठा आहे. पण गजांतून डोकं बाहेर काढून ओरडलं पाहिजे."

"नको," वकील म्हणाली.

"का नको?"

"डोकं जाईल, येणार नाही."

"गेलं म्हणजे येणारच ना. तेवढंच असतं डोकं."

पटण्यासारखं होतं. निदान बटणला पटलं. त्यानं डोकं तिरकं केलं, एक गाल पुढे घातला, मग दुसरा, आणि डोकं बाहेर गेलं. तो ओरडला. जोरात ओरडला. एक समुद्रपक्षी उडाला, बाकी काही झालं नाही. मग त्यानं डोकं मागे घेतलं. घ्यायला गेला, असं म्हणू. दोन्ही कान गजांना अडकले.

"तिरकं कर," टपाल म्हणाला.

"केलं."

"दुसरीकडे तिरकं कर."

"तेपण केलं. दादा, कान दुखतायत."

टपालनं त्याला कमरेला धरून ओढलं. बटण कळवळला. वकीलनं कान दुमडून बघितले. बटणचं रडू आता अगदी ओठांपर्यंत आलं होतं. खाली पंप घुरघुरतच होता.

"पाणी लाव कानांना," वकील म्हणाली. "ओले झाले की सरकतील."

खिळ्याला एक प्लॅस्टिकचा मग अडकवलेला होता. टपाल मग घेऊन टाकीकडे धावला. टाकीच्या तोंडावर झाकण नव्हतं. ते केव्हाच फुटलं होतं. त्याऐवजी तोंडावर जाळीचं एक मोठं पोतं बसवलेलं, हिरव्या पाल्यानं गच्च भरलेलं. पोतं खाली झुकून अर्धं पाण्यात गेलं होतं आणि नळाचं पाणी जोरात त्याच्यावरच पडत होतं. टपालनं बाजूच्या फटीतून मग बुडवला, आणि तसाच थांबला.

"वकील."

"काय? आण ना लवकर."

"पाण्याला तार सुटतेय."

त्यानं मग तिरका केला. पाणी मगातून पडेना, लोंबायला लागलं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं, जाड, काचेसारखं. वकीलनं बोट घातलं आणि काढलं. बोटाबरोबर तारही वर आली.

"मघाशी पंप सुरू व्हायच्या आधी मी हात घातला होता," ती म्हणाली. "तेव्हा साधं पाणी होतं."

"तुमचं काय चाललंय तिकडे?" बटण बाहेरच्या बाजूनं ओरडला. "मी इथे अडकलोय."

"आलो आलो."

ते पाणी बटणच्या कानांना लागलं, केसांना लागलं, गजांनाही लागलं. टपालनं पुन्हा कमरेला धरून ओढलं. या वेळी एवढं ओढायची गरजच नव्हती. डोकं सुळकन आत आलं आणि दोघं भाऊ एकमेकांवर पडले.

बटणनं कान चाचपले. दोन्ही होते. मग गालावरून हात फिरवला. "ईऽ. हे काय लावलंत?"

"हेच ते," वकील हळूच म्हणाली. "आईच्या चादरींना लागतं ते."

आता तिला दाराची आठवणच राहिली नाही. कोपऱ्यात रंगाचा एक रिकामा डबा होता. तो तिनं नळाच्या धारेखाली असा धरला की पाणी पोत्याला न लागता थेट डब्यात पडावं. पाणी साधं. मग पोत्याच्या खालचं पाणी मगात घेतलं. बुळबुळीत.

"म्हणजे विहिरीत दोष नाही, पाइपातही नाही," ती म्हणाली. "पाइप आणि टाकी यांच्यामध्ये काय आहे?"

"पोतं," दोघं एकदम म्हणाले.

वकीलनं पोत्याच्या जाळीतून एक फांदी ओढून काढली. मांसल पानं, कडा दातेरी, एक कोमेजलेलं पिवळं फूल, आणि टोकदार काट्यांची हिरवी फळं. चुरडली तर जरा उग्र वास.

"हे तर आपल्या रस्त्यावरचं," टपाल म्हणाला. "वाळूवर चटईसारखं पसरलेलं असतं ते."

"मोठं गोखरू. याचे काटे पाहुण्यांच्या पायात जायचे, म्हणून साहेबांनी रस्ता साफ करायला सांगितला. पंपकाका रोज संध्याकाळी थोडं थोडं कापतात."

"आणि कापलेलं टाकीवर ठेवतात? कशाला?"

"झाकण म्हणून. मी रोज त्यांना पोतं वर नेताना बघते. एकदा विचारलं तर म्हणाले, वाळलं की पोतं हलकं होतं, वाऱ्यानं उडून जातं. म्हणून रोज ताजं. ताजं जड असतं."

बटण विचारात पडला. "म्हणजे रोज संध्याकाळी टाकीवर ताजा पाला ठेवायचा, आणि सकाळी वरून पाणी सोडून तो ढवळायचा?"

"हो."

"मग हा पंपकाका काय मावशीचा दुश्मन आहे?"

"नाही रे. दुश्मनानं जरा तरी विचार केला असता."

वकीलनं डब्यातल्या साध्या पाण्यात ती फांदी घातली आणि गोल गोल फिरवली. तिघांची डोकी डब्यावर आली. आधी काहीच होईना. मग पाणी फांदीच्या मागे मागे फिरायला लागलं, जड झालं, आणि फांदी वर काढली तेव्हा डब्यातलं अर्धं पाणी तिला लोंबकळत वर आलं. ना रंग बदलला, ना वास.

"मिळालं," टपाल म्हणाला. "चला, मावशीला सांगू."

मग त्याला दार आठवलं.

पंप बंद झाला तेव्हा त्यांनी पुन्हा दार बडवलं. पण खाली लाँड्रीत धुण्याची यंत्रं सुरू झाली होती. पत्रा तापायला लागला. ऊन गजांतून सरकत पार टाकीपर्यंत आलं. बटणच्या गालावरचं चिकट वाळलं आणि त्याला हसता येईना, हसलं की कातडी ताणायची. टपालनं कडी उचकटायला मगाचा दांडा फटीत घातला. दांडा तुटला. त्यानं बिजागऱ्यांवर टाच आपटली. टाच दुखली.

"पंपकाका परत कधी येतात?" त्यानं विचारलं.

"संध्याकाळी. नवीन पोतं घेऊन."

"गाडी तर दुपारी येणार."

वकील गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. "आई आत्ता बायकांना शेवटचं काम वाटून देत असेल," ती म्हणाली. "काल तिनं कपाटावरच्या पेट्या खाली काढल्या. मला म्हणाली, झाडायला काढल्यात."

बटणला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, आणि बसता बसता त्याचा पाय रंगाच्या डब्याला लागला. डबा कलंडला. त्यानं चटकन सावरला, पण थोडं पाणी सांडलं. सांडलं आणि पळालं. साध्या पाण्यासारखं, जमिनीच्या उतारानं, सरळ.

"दादा, हे बघ. हे पातळ झालंय."

वकील उठली. डब्यात बोट घातलं. तार नाही. बुळबुळ जवळजवळ नाही. पाणीच.

"गेलं," टपाल म्हणाला. त्याचा चेहराच उतरला. "आता कोण विश्वास ठेवणार आपल्यावर?"

पण वकीलचे डोळे मोठे झाले होते. "थांब. बाटली कोणत्या बसनं गेली होती?"

"दुपारच्या."

"सकाळी भरली, दुपारी निघाली, शहरात पोचेपर्यंत..."

"बुळबुळ उतरली," टपाल म्हणाला. "अरे देवा. तिथल्या लोकांना साधं पाणीच मिळालं."

वकीलनं पुन्हा टाकीत हात घातला. तिथे अजून तार सुटत होती. पण सकाळएवढी नाही.

"मी ढवळतो," बटण म्हणाला. "काठी द्या. दिवसभर ढवळतो, पाणी पातळ होऊ देत नाही."

"अजिबात नाही. मग म्हणतील, पोरांनीच केलं. हात लावायचा नाही. हे पाणी असंच आहे तोवर मोठ्या माणसांना इथे आणायचं."

"कसं? पत्र पाठवून?"

वकीलनं टाकीच्या खालच्या बाजूला बोट दाखवलं. तिथून एक जाड पाइप खाली जात होता आणि त्याला लाल चाकाची झडप होती. "लाँड्रीचं सगळं पाणी इथून जातं. मॅनेजर साहेबांच्या न्हाणीघराचंही. ते संध्याकाळी आंघोळ करतात, म्हणून त्यांना कधी कळलं नाही. बंद केलं की कोणीतरी वर येणारच."

टपाल झडपेकडे बघतच राहिला. "लाँड्रीचं पाणी बंद? आज? मावशी खाली साबण लावलेल्या चादरी घेऊन उभी असेल. साहेबांना तेवढंच हवंय. म्हणतील, बघा, शेवटच्या दिवशीसुद्धा काम बंद."

"मला कळतंय ते."

"आणि आपलं कोणी ऐकलंच नाही तर? तर तिचं आपण अजून वाईट केलं ना."

वकीलनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा टाकीकडे. "काही नाही केलं तर ती जाणारच आहे," ती म्हणाली. "केलं तर कदाचित नाही जाणार. मी बंद करते. माझी आई आहे, मी करते."

तिनं चाक धरलं. हात सटकला. हातांना तेच पाणी लागलेलं होतं. टपालचाही सटकला.

"शर्ट काढ," वकील म्हणाली.

"माझा का?" बटण म्हणाला. पण काढला. शर्ट चाकाला गुंडाळून तिघं एकदम लोंबकळली. चाक किंचित कुरकुरलं, मग फिरलं. पाइपातली सळसळ बारीक होत होत थांबली.

मग तिघं वाट बघत बसली. खालची यंत्रं एकेक करून गप्प झाली. बायकांचा गलका ऐकू आला. "पाणी गेलं. अहो, पाणी गेलं." वकीलनं डोळे मिटून घेतले. मग मागच्या बाजूनं एक पुरुषी आवाज आला, आणि तो लाँड्रीतल्या सगळ्या आवाजांपेक्षा मोठा होता.

"पाणीऽ. पंपवाला कुठे मेला? माझं पाणी कोणी बंद केलं?"

जिन्यावर पावलं वाजली. फटक फटक चपला पुढे, मागे धपाधप बूट. कडी निघाली. दारात पंपवाला उभा होता, इअरफोन गळ्यात लोंबत. तिघांना बघून तो एक पाऊल मागे सरकला आणि साहेबांच्या पायावर उभा राहिला.

"अरे, तुम्ही आत कसे?"

"तुम्हीच कोंडलंत, पंपकाका," बटण म्हणाला. "सकाळपासून."

पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारण मागे मॅनेजर साहेब दिसले होते. गळ्यात टॉवेल. डोकं चकचकीत काळं. कंत्राटदार यायच्या आधी साहेब कलप लावून बसले होते, आणि धुवायच्या वेळेलाच नळ कोरडा झाला होता. एक काळा ओघळ कपाळावरून नाकाकडे निघाला होता.

"बाजूला व्हा. डोकं चुरचुरतंय माझं," साहेब म्हणाले. "पाणी द्या आधी, मग बघतो तुमच्याकडे."

वकील काहीतरी बोलणार होती. पण तिनं विचार बदलला, दांडा तुटलेला मग टाकीत बुडवला आणि अदबीनं पुढे केला.

साहेबांनी तो डोक्यावर ओतला. चोळलं. पुन्हा ओतला, पुन्हा चोळलं. मग त्यांचे हात थांबले. त्यांनी हात डोक्यापासून लांब नेले, आणि हातांबरोबर काळ्या तारा लांब लांब ताणल्या गेल्या.

"हे काय आहे?"

"हे सकाळचं पाणी आहे साहेब," वकील म्हणाली. "तुमच्या डोक्याला आईचा साबण लागलाय का?"

जिन्यावर तोवर मावशी आणि लाँड्रीतल्या बायका येऊन पोचल्या होत्या. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मावशी हसली नाही. ती साहेबांच्या हातांकडे बघत होती.

"पण तपासणीत तर साफ आलं," साहेब म्हणाले. ओघळ आता नाकाच्या शेंड्यावर होता.

टपालनं त्यांना डबा दाखवला आणि सगळं सांगितलं. पोतं, फांदी, दुपारची बस. त्याला सांगायला फार आवडायचं, त्यामुळे बटणचं डोकं कसं अडकलं तेही सविस्तर आलं. बटणनं पुरावा म्हणून दोन्ही लाल कान दाखवले. साहेबांना तरी पटेना. मग मावशी पुढे आली. तिनं पंपवाल्याला पंप लावायला सांगितलं, पाइपाचं साधं पाणी बादलीत घेतलं, पोत्यातल्या दोन फांद्या त्यात घातल्या आणि हातानंच ढवळलं. हळूहळू तिचा हात जड झाला.

"हेच," ती म्हणाली. "इतके दिवस हाताला हेच लागत होतं. मी म्हणत होते ना."

"मी आपला झाकणासाठी ठेवत होतो," पंपवाला खाली बघून म्हणाला. "वर्ष झालं झाकण मागतोय साहेब. तुम्ही म्हणालात, काहीतरी ठेव तात्पुरतं."

खाली फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. कंत्राटदार आला होता.

"बाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "माझी चूक झाली. त्याला परत पाठवतो. तुम्ही काम सुरू करा."

"इथे नको साहेब," मावशी म्हणाली. "तुम्ही मला खाली बोललात, यंत्रांपाशी, माझ्या बायकांसमोर. तिथे चला."

"आत्ता? असा?"

"आत्ता."

साहेब गेले. टॉवेलनं डोकं दाबत, काळे ओघळ पुसत, लाँड्रीच्या मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की साबण चांगला होता, बाईंचं काम चांगलं होतं, आणि हे या तीन पोरांनी शोधून काढलं, आमच्यातल्या एकाही मोठ्या माणसाला ते जमलं नाही. दारात उभ्या असलेल्या कंत्राटदारानं त्यांच्या डोक्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता गाडी वळवली.

मग पंपवाला पोतं उतरवून टाकी रिकामी करायला लागला, बायका कामाला लागल्या, आणि मावशी मुलांकडे वळली.

"झडप कोणी बंद केली?"

टपालनं वकीलकडे बघितलं. बटणनं शर्टाकडे.

"मी," वकील म्हणाली. "आई, मला माहीत होतं तुझं काम अडेल. तरी केली."

मावशीनं ॲप्रनला हात पुसले. नीट, सावकाश, एकेक बोट.

"नळ गेला तेव्हा माझ्या हातात साबणाची चादर होती," ती म्हणाली. "मला वाटलं, संपलं. आता पाण्यानंही साथ सोडली." तिनं वकीलला जवळ ओढलं, मग टपालला, मग उघड्याबंब बटणला, आणि तिघांना धरून तशीच उभी राहिली. "बरं केलंस बाई. फार बरं केलंस."

मग ती एकदम बाजूला झाली आणि नाक पुसत म्हणाली, "चला, त्या पेट्या उचला. कपाटावर परत ठेवायच्यायत, आणि मला एकटीला जड होतात."